राखून ठेवलेला दिवस

१४ डिसेंबर, मंगळवार. सकाळी धुकं. ह्यांचा खोकला रात्री कमी होता. नर्सबाईंनी दहा वाजता अंग पुसून दिलं, दुपारी चार चमचे सूप गेलं. साडेचारला कर सल्लागाराचा फोन. चौदा दिवस नव्हे, एकच दिवस उरला आहे. चूक माझी.

एवढं लिहून तिने पेनाला टोपण लावलं. बेचाळीस वर्षांच्या डायऱ्या कपाटात ओळीने उभ्या होत्या, आणि ‘चूक माझी’ हे शब्द त्यांत शोधायला गेलं तर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले असते. पण ही चूक तिचीच होती. कुणावर ढकलावी तर दुसरं माणूसच मध्ये नव्हतं.

तिचा मुलगा फुटबॉलमधला गोलरक्षक. सहा फूट चार इंच उंची, म्हणून लहानपणापासून सगळे त्याला खांब्या म्हणत. बाप इथल्या शहराच्या क्लबात मैदान सांभाळणारा. छत्तीस वर्षं त्याने त्या एका तुकड्यावर गवत पेरलं, कापलं, दाबलं, शिंपलं. खेळाडूंनी त्याचं नाव गवत्या ठेवलं आणि पुढे पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच चाललं. तीन वर्षांपूर्वी खांब्याला एकाच आठवड्यात दोन क्लबांनी विचारलं. एक हाच, बापाच्या मैदानाचा. दुसरा सरहद्दीपलीकडचा, समुद्रकाठच्या शहरातला, आगगाडीने तीन तासांवर.

त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर खांब्याने कागदाला उभी घडी घालून दोन रकाने केले होते.

“बाबा, पगार दोन्हीकडे सारखाच. पण इथे दहातले साडेचार सरकार नेतं. तिकडे कर नाहीच.”

“आणि घरभाडं?” तिने विचारलं होतं.

“भाडं तिकडे दुप्पट. भाजीसुद्धा सोन्याच्या भावाने. तरी चार पैसे उरतात, आई. माझी अजून पाच वर्षं. गुडघे गेले की मला कोण विचारणार?”

गवत्या खुर्चीत बसून बुटाच्या तळाची माती चमच्याच्या दांड्याने उकरत होता. “आमच्या वेळी खेळाडू मैदान बघून क्लब निवडायचे,” तो म्हणाला, “आता वकील बघून निवडतात.”

“तुमच्या वेळी खेळाडू निवृत्त झाल्यावर काय करायचे, बाबा?”

“रात्रपाळीचे पहारेकरी व्हायचे,” म्हातारा म्हणाला आणि स्वतःच हसला. “जा बाबा, जा. इथल्या गोलासमोरचं गवत तसंही गोलरक्षक तुडवून टाकतात. तेवढंच वाचेल.”

खांब्या गेला. जाताना सल्लागाराने एक अट डोक्यात पक्की बसवून दिली होती: वर्षातले एकशे त्र्याऐंशी दिवस इथे काढलेस, तर तू इथलाच रहिवासी धरला जाशील आणि वर्षभराच्या सगळ्या पगारावर इथला कर बसेल. एकशे ब्याऐंशीपर्यंत काही नाही. पुढच्या एका दिवसाला पगाराचा जवळजवळ अर्धा.

पहिली दोन वर्षं दिवस मोजायची वेळच आली नाही. मुलगा यायचा, दोन रात्री राहायचा, बायकोमुलीच्या ओढीने परत जायचा. हे तिसरं वर्ष मात्र उरावर बसलं. जानेवारीत खांब्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर इथला, व्यायाम करून घेणारी बाई इथली, आणि तिकडे तिसऱ्या मजल्यावरच्या घराला लिफ्ट नाही. चार महिने तो आईच्या घरी पडून राहिला. उन्हाळ्यात परत गेला, खेळायला लागला, तोच बापाच्या फुप्फुसात गाठ निघाली. मग सुट्टी मिळाली की खांब्याची पळापळ सुरू. गुडघ्याची ती एक धरून अकरा, बारा, तेरा खेपा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

दिवस मोजायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. “तुझा सल्लागार पैसे घेऊन मोजणार, मी फुकट मोजते,” ती मुलाला म्हणाली होती. आणि तिच्याइतकं चोख कोण मोजणार? लहानपणी ती ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेच्या वसतिगृहात वाढली. तिथे दिवे मालवण्याआधी एक सिस्टर पलंगांच्या ओळीतून जात मुली मोजायची आणि वहीत आकडा मांडायची. ती सवय तिला जन्मभर चिकटली. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून तिच्या डायरीत पानाच्या तळाशी एक ओळ असे: रात्री घरी कोण. पाहुणे, मुलगा, एकदा तर वादळात अडकलेला पोस्टमनही त्या ओळीत आला होता. डिसेंबर लागला तेव्हा तिने वर्षभराची पानं उलटून खांब्याच्या रात्री मोजल्या. एकशे अडुसष्ट. ब्याऐंशीतून अडुसष्ट गेले, राहिले चौदा. अठरा तारखेपासून एकतीसपर्यंत बरोबर चौदा होतात. क्लबाकडून वर्षअखेरीची रजाही मिळण्यासारखी होती.

“अठराला येतोय,” तिने रुग्णालयाच्या वॉर्डात नवऱ्याला सांगितलं होतं. “मग वर्ष संपेपर्यंत इथेच. पुढे नवं वर्ष, नवे दिवस.”

“म्हणजे मला अठरापर्यंत टिकायचंय,” गवत्या म्हणाला होता. “बघू. जमीन तशी घट्ट आहे अजून.”

आणि चौदाला सल्लागाराचा फोन आला. तिने पाठवलेल्या तारखा त्याने तपासल्या होत्या.

“बाई, या तुम्ही रात्री मोजल्यात.”

“मग काय मोजायचं?”

“दिवस. तो आला तो दिवस धरायचा आणि गेला तो दिवसही धरायचा. सकाळी सहाच्या गाडीने गेला असला तरी. तेरा खेपा म्हणजे तेरा दिवस तुमच्या हिशेबातून गळलेत. झाले एकशे एक्याऐंशी.”

“पण तो रात्री इथे नव्हताच,” ती म्हणाली. आपला आवाज वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीसारखा येतोय हे तिला ऐकू आलं.

“कायद्याला झोपेशी देणंघेणं नाही, बाई. एक दिवस शिल्लक आहे. मध्यरात्रीनंतर सरहद्द ओलांडायची आणि पुढच्या मध्यरात्रीच्या आत परत जायचं. दुसरा दिवस उजाडला की वर्षाचा कर लागला.”

संध्याकाळी खांब्याशी बोलणं झालं.

“गेला तर जाऊ दे पैसा,” तो म्हणाला. “मी येतो आणि राहतो.”

“खुळा आहेस का? जूनमध्ये करार संपतोय. त्या गुडघ्यावर पुढचा करार देणार आहे का कुणी? पोरीची शाळा, ते भाडं. साठवलेलं सगळं जाईल.”

“मग तू सांग. कधी येऊ?”

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना गाठलं. रुग्णाला आगगाडीने किंवा गाडीने सरहद्दीपर्यंत नेता येईल का, हे आधी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. अर्धा तासही झेपणार नाही. मग तिने दुसरं विचारलं.

“सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “नवं वर्ष बघतील कदाचित. नाहीतर आठवडाही पुष्कळ.”

नवं वर्ष बघतील कदाचित, हेच शब्द तिने पदरात बांधून घेतले. एक तारखेला मुलगा मोकळा होत होता. तोपर्यंत रेटलं तर हा एक दिवस खर्चावाच लागणार नाही. आणि मध्येच काही झालं तर? शेवटच्या घटकेला हाताशी एक दिवस नको? घरातली साखर असो की साबण, शेवटचा डबा संपायच्या आत दुसरा आणून ठेवणारी बाई ती. तिने मुलाला कळवलं: आत्ता नको, राखून ठेव. मी सांगेन.

नवऱ्याला तिने खरं ते सांगितलं. त्याच्यापासून काही लपवायची तिला सवय नव्हती.

“एकच दिवस?” गवत्या छताकडे बघत म्हणाला. “मग आजच बोलाव. आज मी माणसात आहे.”

“अहो, पण पुढे गरज लागली तर?”

“पुढे मी असेन का त्याला ओळखायला? मेल्यावर मला बघून त्याला काय मिळणार? तोंड तर हेच.”

“फोनवर बोला ना तोवर. दिसतो त्यात तो.”

“टपालाच्या तिकिटाएवढा दिसतो. थुंकी लावून पाकिटावर चिकटवू का त्याला?”

शेजारच्या पलंगावरचा माणूस खोकता खोकता हसला. ती हसली नाही. तिने चादर सारखी केली आणि “बघू” म्हणाली. संसारात हा शब्द तिने नेहमी ‘नाही’साठी वापरला होता, आणि ते नवऱ्याला पुरतं ठाऊक होतं.

सोळा गेली, अठरा गेली. रोज सकाळी ती नर्सबाईला विचारायची, आज कसं आहे? नर्सबाई म्हणायची, कालच्यासारखंच. ‘कालच्यासारखंच’ ऐकलं की तिला हायसं वाटे, एक दिवस निभावला असं वाटे. पण वीस तारखेला त्याला नळीतून प्राणवायू लागला. बावीसला त्याने सूप नको म्हटलं.

तेवीस तारखेला, गुरुवारी, तो अचानक तरतरीत झाला. उशीला टेकून बसला. खिडकीतून रुग्णालयाच्या आवारातली हिरवळ दिसत होती, तिला त्याने शिव्या घातल्या. “ओल्या गवतावर यंत्र चालवलंय बघ गाढवांनी. मुळं उपटली जातात.” मग तो तिच्याकडे वळला. “खांब्याला मला सांगायचंय. उजवीकडचा चेंडू तो उशिरा घेतो. गुडघ्याला जपतो म्हणून. पाय आधी टाकायला हवा. टीव्हीवर तीनदा बघितलं मी.”

“फोनवर सांगा.”

“उभा करून दाखवावं लागतं, अगं. त्याला बोलाव.”

संध्याकाळी पाचला तिने वॉर्डाबाहेरच्या जिन्यात जाऊन फोन लावला.

“आज बरे आहेत. तुला बोलावतायत.”

“शनिवारी सामना आहे, आई. उद्या संघ मुक्कामाला जातोय. आत्ता निघालो तर रात्री नऊला पोचेन, तीन तासांत परत सरहद्दीपलीकडे. आणि तो दिवस संपला.” तो थांबला. “रविवारी पहाटे आलो तर अख्खा दिवस मिळतो. निघू का आत्ता? तू म्हण.”

जिन्यात ओल्या फडक्याचा वास होता. खालच्या पायरीवर एक बाई हातात बुटांची जोडी घेऊन बसली होती. फोन कानाशी धरूनच तिने हिशेब केला. तीन तासांसाठी दिवस घालवायचा, की अख्खा दिवस घ्यायचा? आणि आज तर ते बरे आहेत.

“रविवारी ये,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी गवत्याची शुद्ध गेली. त्या संध्याकाळी खांब्याने उजवीकडचा एक चेंडू सोडला असं वॉर्डातल्या टीव्हीवर दाखवलं. शेजारच्या पलंगावरच्या माणसाने आवाज बारीक केला.

रविवारी सकाळी सातला मुलगा आला. इतका उंच माणूस त्या लोखंडी स्टुलावर घडी घातल्यासारखा बसला. बापाचा हात त्याने हातात धरला. छत्तीस वर्षांच्या मातीने नखांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, त्या धुऊनही गेल्या नव्हत्या. “बाबा, मी आलोय,” तो दर तासाने म्हणत होता. दुपारी म्हाताऱ्याने डोळे उघडले, त्याच्यावरून नजर फिरवली आणि पलीकडच्या भिंतीकडे बघत राहिला.

“काय सांगायचं होतं त्यांना?” खांब्याने विचारलं.

तिने सांगितलं. उजवीकडचा चेंडू, पाय आधी. पण ते उभं करून कसं दाखवायचं, हे तिला येत नव्हतं. खांब्या ऐकून घेत “बरं” म्हणाला.

रात्री आठच्या गाडीने तो गेला. फलाटावर दोघांच्या मनात एकच गुरुवार होता, आणि त्याचं नाव आधी कुणी काढायचं हा प्रश्न होता.

बुधवारी, एकोणतीस तारखेला, सकाळी साडेनऊला गवत्या गेला. नर्सबाईने नळी काढली, खिडकी उघडली. तिने मुलाला फोन केला. पलीकडे आधी रडणं, मग:

“आई, शनिवारपर्यंत ठेवतील का त्यांना? एक तारखेपासून मी येऊ शकतो. नाहीतर आत्ताच निघतो. तू म्हण.”

पुन्हा ‘तू म्हण’. “विचारते,” ती म्हणाली.

शवागाराच्या खिडकीत एक चष्मेवाला कारकून बसला होता. त्याने अर्ज पुढे सरकवला. तिने तो घोटीव अक्षरात भरला: मृताचं वय, व्यवसाय, नातं. ‘विलंबाचे कारण’ या रकान्याशी ती थांबली आणि मग लिहिलं: मुलाचे दिवस संपले आहेत.

कारकुनाने वाचलं, चष्मा वर केला. “कोण? मुलगाही आजारी आहे का?”

“नाही. त्याला इथे यायचे दिवस संपलेत. कराचे.”

“असं कारण चालत नाही, बाई. ‘नातेवाईक परदेशी’ लिहा. सगळे तेच लिहितात.”

“तो तीन तासांवर आहे.”

“लिहा हो. वर साहेब प्रश्न विचारत बसतील.”

तिने आपली ओळ पट्टी धरून खोडली आणि त्यावर तो सांगत होता ते लिहिलं. जन्मात पहिल्यांदाच कागदावर तिने दुसऱ्याच्या तोंडचं लिहिलं होतं. कारकुनाने शिक्का मारला. शनिवार, सकाळी अकरा.

घरी येऊन तिने मुलाला वेळ कळवली.

“पहाटेच पोचतो,” तो म्हणाला. “आणि आई, आता मी राहीन तुझ्याजवळ. आठवडा, दोन आठवडे. नव्या वर्षाचे सगळे दिवस आहेत.”

“हो,” ती म्हणाली. “आहेत.”

“आई, त्या गुरुवारी मी निघायला हवं होतं.”

“मी तुला रविवारी ये म्हटलं.”

“मी विचारायलाच नको होतं.”

मुलाच्या घरात पलीकडे कुणीतरी ताटं लावत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग त्याने फोन ठेवला.

तिने दिवा लावला, टेबल पुसलं आणि डायरी उघडली. सकाळचे साडेनऊ लिहिले, नर्सबाईचं नाव लिहिलं, शनिवारचे अकरा लिहिले. मग तळाशी, ‘रात्री घरी कोण’ लिहायच्या जागी, लिहिलं: स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी सैल झाली आहे. सुताराला सांगितलं, सोमवारी येतो म्हणाला.