टॅब गावात, सिस्टर छावणीत

तालुक्याचे आरोग्य अधिकारी वनिताच्या ओट्यासमोर उभे होते, आणि वनिताची सासू कौसाबाई माझ्या सरकारी टॅबवर रंगीत गोट्या फोडत बसली होती.

"आजी, सिस्टर कुठं आहेत?"

"छावणीत."

"आणि टॅब इथं कसा?"

"टॅब इथंच आसतो. सिष्टर तिकडं आसती."

"मग तुम्ही काय करताय?"

"डूटी," कौसाबाई मान वर न करता म्हणाली. "जरा सरका बाजूला, उजेड आडतोय."

साहेबांची गाडी वळताच वनितानं मला फोन केला. "सिष्टर, सायेब तिकडंच निगालेत. आन लई तापलेत." मी त्या वेळी छावणीत, एका म्हशीच्या सावलीत, गरोदर संगीताच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते. मी म्हटलं, "येऊ दे. गाडी लागणारच होती."

आता हे सगळं झालं कसं, ते सांगते.

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स. दोन खोल्यांचा दवाखाना, त्याला उपकेंद्र म्हणतात. तिथं डॉक्टर नसतो, आम्ही असतो. पोरांना लस, गरोदर बायांची तपासणी, अडली बाळंतपणं, आणि उरलेल्या वेळात खात्याला माहिती कळवणं. खरं म्हणजे आधी माहिती कळवणं, आणि उरलेल्या वेळात बाकीचं. माझी बरीच नोकरी गेवराई तालुक्यात, उमापूरच्या बाजूला झाली. वनिता आमच्या गावची आशा. आशा म्हणजे गावातलीच सून, जी घराघरात जाऊन कोण गरोदर, कोण आजारी ते बघते आणि आमच्यापर्यंत आणते.

त्या साली दुष्काळ असा पडला, की विहिरीत बादली सोडली तर खडखड आवाज यायचा. गावातली जनावरं माळावरच्या चारा छावणीत गेली. छावणी दूध सोसायटीची. चारा, पाणी तिथंच मिळायचं. मात्र प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला, बिल्ल्यावर रेघारेघांचा कोड, आणि रोज संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी मोबाइल घेऊन तो स्कॅन करत फिरणार. मोबाइलमध्ये जनावराच्या नावापुढं माणसाचा फोटो. तोच माणूस दाव्याजवळ उभा दिसला पाहिजे. नाही दिसला, तर बिल्ला रद्द आणि वैरण बंद. खोटी जनावरं दाखवून चारा उचलू नये म्हणून हा बंदोबस्त. नियम वाईट नव्हता. पण गडीमाणसं कामाच्या शोधात गाव सोडून गेलेली, त्यामुळं मोबाइलमध्ये फोटो सगळे बायांचे. म्हैस छावणीत, म्हणून बाई छावणीत. लुगड्याचा आडोसा करून गावातल्या निम्म्या बाया तिथंच चूल मांडून राहिलेल्या.

आणि आमचं सत्र गावात. सत्र म्हणजे लसीचा आणि तपासणीचा ठरलेला दिवस.

मी तालुक्याच्या मीटिंगमध्ये उठून बोलले. "साहेब, सत्र छावणीत घेते."

"छावणी तुमच्या कार्यक्षेत्रात येत नाही, सिस्टर. अ‍ॅप घेणार नाही."

"पण बाया तिथं आहेत."

"लाभार्थींना गावात बोलवा."

"त्यांच्या मागं म्हशी येतील. चालतील का?"

सगळ्या नर्सा हसल्या. साहेब हसले नाहीत. "मला वरती लोकेशन गावाचंच दिसलं पाहिजे. विषय संपला."

नोकरीच्या सुरवातीची मी असते, तर विषय खरंच संपला असता. ती बया फार आज्ञाधारक होती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, केसांना तेल, आणि गावात गाडी शिरली की छातीत धडधड. एकदा जीपमधून उतरलेल्या एका गृहस्थांना तिनं खुर्ची दिली, चहा केला आणि सगळी रजिस्टरं पुढ्यात मांडली. त्यांनी शांतपणे चहा घेतला आणि विचारलं, "बाई, मीटर कुठंय?" वीजमंडळाचा माणूस. तिला मीटर कुठंय तेही माहीत नव्हतं. आरोग्य खात्याबद्दल तिचं मत काय, असं तुम्ही विचारलं असतं तर तिनं आधी साहेबांकडं बघितलं असतं. आज ती भेटली तर मी तिची वेणी ओढीन.

आता टॅबचं सांगते. मी टॅबच्या विरोधात नाही. कागदं वाळवी खाते, टॅब खात नाही. पण ज्यानं हे अ‍ॅप बनवलं, त्यानं माणूस चालतो हे कधी बघितलेलं नसावं. त्यानं नकाशावर गावाभोवती एक गोल काढला. टॅब गोलात असला तर सिस्टर हजर, गोलाबाहेर गेला तर लाल अक्षरात 'क्षेत्राबाहेर'. आणि थोडा वेळ कुणी बोट लावलं नाही तर टॅब झोपतो. टॅब झोपला की वरती दिसतं, सिस्टर झोपली.

मी वनिताला म्हटलं, "गोलात कोण पाहिजे? मी का टॅब?"

"टॅब."

"मग त्याला ठेवू गोलात. आपण जाऊ बायांकडं."

"पण त्याला जागं कोण ठेवल?"

आम्ही दोघींनी एकदमच ओट्यावर बघितलं. कौसाबाई तिथं बसून माश्या मारत होती.

गेम त्या टॅबवर माझ्या नातीनं टाकलेला. एका रंगाच्या गोट्या जुळवायच्या, मग त्या फुटतात. सरकारी वस्तूवर गेम टाकू नये, हे मला माहीत होतं. दुपारच्या उन्हात उपकेंद्रात कुणी येत नसलं की मीही दोन डाव खेळायचे. गेममुळं पोरं बिघडतात असं म्हणणाऱ्या माणसांनी आपलं दिवसभराचं पत्ते कुटणं आठवावं. गेम माणसाला निदान हरल्यावर पुन्हा बस म्हणतो. मीटिंगमध्ये तेवढंही कुणी म्हणत नाही.

कौसाबाईनं आधी नाक मुरडलं. "ह्ये आसलं माझं काम न्हाई." दुसऱ्या सत्राला तिनं मलाच सुनावलं, "यवढा उशीर कावून केलास? म्या कवाची बसलेय." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन कर म्हणून मी जीव खाऊन सांगत होते, तर म्हणायची, "आता काय बगायचं ऱ्हायलंय?" आता तक्रार यायला लागली, "सिष्टर, लाल आन नारंगी येकच दिसतंया. लई गोट्या वाया जातेत."

तर अशी आमची व्यवस्था. टॅब गावात ड्युटीवर, मी लसीचा डबा आणि बीपीचं यंत्र घेऊन छावणीत. तिथं बघितलेलं कागदावर लिहायचं आणि संध्याकाळी गावात येऊन टॅबमध्ये भरायचं. पोरांच्या लसी झाल्या, गरोदर बायांचं रक्त, वजन, बीपी झालं. वरती सगळं हिरवंगार दिसत होतं. दुष्काळात तेवढंच काय ते हिरवं.

साहेब अचानक का आले? तर सोसायटीची निवडणूक जवळ आलेली, आणि चेअरमनला छावणीत महाआरोग्य शिबिर भरवायचं होतं. मंडप, बॅनर, हार, फोटो. त्याची बोलणी करायला साहेब निघाले आणि वाटेत आमचं गाव लागलं. शिबिराबद्दलही माझं मत आहे. शिबिरात एका दिवसात सगळ्या गावाचं बीपी मोजतात, आणि दुसऱ्या दिवशी ते वाढलं तर मोजायला कुणी नसतं. आजार काही पुढाऱ्याचा वाढदिवस बघून येत नाही.

साहेब छावणीत पोहोचले ते लांबूनच ओरडत. "सिस्टर! हा काय प्रकार आहे? ही सरळसरळ फसवणूक आहे!"

मी स्टेथोस्कोप कानातून काढला आणि त्यांच्यापुढं धरला. "साहेब, ओरडा नंतर. आधी हिचं बीपी बघा. मला वाटतंय तेच तुम्हालाही वाटतंय का, ते सांगा."

संगीता सिरसाळ्याची लेक, आमच्या गावात दिलेली. आठवा महिना. नवरा कामाला बाहेरगावी, घरी पाय मोडून पडलेला सासरा, आणि छावणीत एक दुभती म्हैस. त्या म्हशीच्या दुधावर घर चाललेलं. मागच्या सत्राला तिचं बीपी थोडंच जास्त होतं. आज ते भलतंच चढलेलं, पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. आमच्या धंद्यात याला फार भ्यायचं असतं. अशा बाईला केव्हाही झटके येतात, आणि मग आई आणि बाळ दोन्ही हातचं जातं. मी तिला केव्हाची सांगत होते, बीडला चल. ती म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसलेली.

साहेबांनी बीपी बघितलं. पुन्हा पट्टा बांधून बघितलं. कितीही झालं तरी माणूस डॉक्टर होता. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हिला आत्ता हलवा. माझ्या गाडीत घाला."

"म्या न्हाई येत," संगीता म्हणाली.

"अगं बाई, जिवाचा प्रश्न आहे!"

"सायेब, सांच्याला म्या म्हशीपाशी न्हाई दिसले तर बिल्ला काढत्यात. मागच्या आठवड्यात जनीचा काढला. म्हस उपाशी ऱ्हायली तर आटंल. मंग घरी काय खायाचं? तुमची गोळी?"

साहेबांनी सेक्रेटरीला हाक मारली. तो मोबाइल छातीशी धरून आला. "नियम हाय साहेब. फोटोतला माणूस पाहिजे. मी काय करू? अ‍ॅपच घेत न्हाई."

'अ‍ॅपच घेत नाही' हे शब्द ऐकून साहेबांचा चेहरा झाला, तो मी अजून जपून ठेवलाय.

मी म्हटलं, "बघा साहेब. म्हैस जिथं उभी आहे तिथं तिची हजेरी लागते. बाई जिथं आहे तिथं तिची तपासणी चालत नाही, ती गावात दाखवायची. आणि आता ही दवाखान्यात गेली तर म्हशीचीही हजेरी जाणार. मला एवढंच सांगा, या छावणीत बाईनं नेमकं कुठं असलं म्हणजे आपला टॅब आणि यांचा मोबाइल दोन्ही खूश होतील?"

मी सेक्रेटरीला म्हटलं, "चेअरमनला लाव फोन."

त्यानं लावला, आणि तो काही बोलायच्या आत मी काढून घेतला. "चेअरमनसाहेब, रामराम. उपकेंद्राची सिस्टर. तुमच्या छावणीत एक गरोदर बाई मरायला टेकलीय, आणि तुमचा सेक्रेटरी तिला म्हशीपाशी उभी कर म्हणतोय."

"मी आसं न्हाई म्हणलो!" सेक्रेटरी ओरडला.

"ऐकू आलं ना? तो इथंच आहे. आता तुमच्या शिबिराचा मंडप इथं पडायचा, आणि त्याच्या आधी इथून हिची तिरडी निघायची. फोटोला लोक येतील, पण मत द्यायला येतील का, ते तुम्हीच बघा."

चेअरमन म्हणाले, "बाई, तुमी लई वाईट बोलता हो. द्या त्या सेक्रेटरीला."

सेक्रेटरीनं "हां साहेब, हां साहेब" केलं. त्याचा चेहरा उतरला. म्हशीच्या नावापुढचा फोटो बदलायचा हुकूम झाला होता, आणि नवा फोटो कुणाचा? सेक्रेटरीचा. म्हणजे रोज तिची वैरण, पाणी, शेण, धार, आणि संध्याकाळी दाव्याजवळ हजर. दूध संगीताच्या सासऱ्याला पोचतं करायचं, हे मी माझ्यातर्फे घातलं. त्यानं तिथंच म्हशीशेजारी उभं राहून आपला फोटो काढला. म्हशीनं त्याच्या सदऱ्याला शिंग घासलं.

"तिला उजव्या अंगानं पिळत न्हाईत, लाथ मारती," गाडीत चढता चढता संगीतानं सांगितलं.

गाडीत मी मागं तिला कुशीवर धरून बसले. साहेब पुढं. त्यांनी वाटेतूनच बीडच्या सरकारी दवाखान्यात फोन करून तयारी ठेवायला सांगितली. गेवराईच्या पुढं तिनं डोळे फिरवल्यासारखे केले, तेव्हा साहेबांनीच मागं वळून तिचा हात धरला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हाण."

झटके आले नाहीत. सिझर झालं. मुलगी झाली, तळहाताएवढी, पण रडली ती खणखणीत. काचेच्या पेटीत राहिली, मग आईच्या छातीशी आली. आता शाळेत जाते, आणि कुणाचं ऐकत नाही असं तिची आई सांगते. मला ऐकून बरं वाटतं.

दवाखान्याच्या पायरीवर साहेब म्हणाले, "सिस्टर, नोटीस मात्र तुम्हाला द्यावी लागेल."

"द्या की. आत्ता द्या म्हटलं तरी घेते. पण आधी मला चहा पाजा."

त्यांनी चहा पाजला आणि नोटीसही दिली. कार्यक्षेत्रात हजर नसताना हजर असल्याचं का भासवलं, खुलासा करा. मी खुलासा केला: "टॅब दिवसभर कार्यक्षेत्रात हजर होता. मी कामावर हजर होते." पुढं काय झालं ते मला कळलं नाही, साहेबांनी बहुतेक तो कागद आपल्याच खणात ठेवला. टॅबवरून गेम मात्र काढून टाकला आणि कुलूप घातलं. कौसाबाई माझ्यावर रुसली. मग तिनं निमूटपणे डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि मुलाच्या मोबाइलवर तोच गेम टाकून घेतला. खात्यानं कितीही भिंती रंगवल्या असत्या, तरी तिचा डोळा एवढ्या लवकर कुणी उघडला नसता.

चेअरमनचं शिबिर झालं. बॅनर मोठा होता. संगीताला न्यायला स्वतः गाडी दिल्याचं त्यांनी भाषणात सांगितलं. साहेब स्टेजवरच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं, आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी वरती पत्रव्यवहार केला होता, हे मला मागाहून कळलं. छावणीत सत्र घ्यायला परवानगी आहे, असं परिपत्रक रीतसर आलं. तोवर छावणी उठलेली. माळावर नुसत्या चुलीच्या तीन-तीन दगडांच्या रांगा राहिल्या होत्या. मी परिपत्रक वाचलं, सही केली, फाइलला लावलं.

नव्या नर्सा कधीमधी घरी येतात, विचारतात. त्यांना मी एवढंच सांगते: परवानगी नाकारत नाहीत, पोरींनो, येते ती. फक्त बाळंतपणाच्या वेगानं येत नाही. अर्ज जरूर टाकावा, आणि टपालपेटीपासूनच कामाला वळावं.