वरातीच्या घोडीवर विलायती स्वार

घोडी पाळणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी रोज साचतात. लीद आणि किस्से. लीद मी सकाळीच उचलून टाकते. किस्से मात्र तसेच पडून राहतात, आणि चहाला कोणी बसलं की एकामागे एक बाहेर येतात. त्यातले निम्मे तर एकट्या रॉबिनभाऊंचेच!

आमचं घर नागपुरात, इतवारीच्या मागच्या गल्लीत. आमचे हे, म्हणजे राजू, वरातीला घोडी देतात. उमरेड रोडवर इंग्रजांच्या काळातल्या एका पिक्चरचं शूटिंग होतं. त्यांना घोडे कमी पडले म्हणून आमची पांढरी चांदणी गेली. तिच्यासोबत हे गेले, ह्यांचा डबा घेऊन मी, आणि माझा पदर धरून आमची सहा वर्षांची परी.

रॉबिनभाऊ त्या पिक्चरमधले गोरे अ‍ॅक्टर. वय साठीचं, पण घोड्यावर बसले की पंचविशीचे! ‘भाऊ’ अर्थात नागपूरनं लावलं.

*

पहिल्या दिवशी ते आले, सगळ्यांना हात जोडले आणि सरळ तबेल्यात शिरले. झाडू घेतला अन् लीद काढायला लागले!

हे धावले. "अहो साहेब, राहू द्या ना!"

सेटवरच्या श्वेता मॅडम इंग्रजीचं मराठी करून सांगायच्या. त्या म्हणाल्या, "ते बारा वर्षांचे होते तेव्हा घोडा शिकायला फी नव्हती. तबेला साफ करायचा, मग अर्धा तास बसायला मिळायचं. ती सवय अजून गेली नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "पाहा, विलायतेहून आला माणूस! तुम्हाले काहून जमत नाही?"

"मी फी भरून शिकलो ना वं!" हे म्हणाले.

*

मग रॉबिनभाऊ चांदणीवर बसले. लगाम हलवला, टाच लावली, कानात गोड बोलले. चांदणी जागची हलेना! जगभरचे घोडे पळवलेला माणूस घामाघूम झाला.

हे हळूच म्हणाले, "साहेब, ती डाळीची वाट पाहून राहिली."

वरात निघायच्या आधी नवरदेवाची बहीण घोडीला चण्याची भिजवलेली डाळ खाऊ घालते. त्याशिवाय चांदणीनं आजवर पाऊल उचललं नव्हतं. शेवटी श्वेता मॅडम बहीण झाल्या. ओंजळभर डाळ खाल्ली, आणि चांदणी निघाली. वीस पावलं गेली अन् थांबली.

"आता काय?" डायरेक्टर सर ओरडले.

"इथं पोट्टे नाचते ना सर. ते झाल्यावर चालते ती."

"अहो, हा युद्धाचा सीन आहे! वरात नाही!"

हे अगदी शांतपणे म्हणाले, "सर, घोडीले दोन्ही सारखंच वाटते."

*

एकदा परीनं रॉबिनभाऊंना तोंडावरच विचारलं, "तुम्ही हिरो आहा का?"

ते खूप हसले. म्हणाले, पहिली दहा वर्षं मी फक्त पाठ होतो. हिरो उभ्या घोड्यावर बसून डायलॉग म्हणायचा. घोडा पळायला लागला की मी! माझी पाठ सगळ्या जगानं पाहिली, तोंड कोणी नाही. मग एक दिवस हिरो आजारी पडला. डायरेक्टर म्हणाला, जरा वळून दाखव. वळलो. एकच वाक्य होतं, तेही विसरलो! तेवढ्यात घोडा असा खिंकाळला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथून मला कामं मिळायला लागली.

परीचं तोंड उतरलं. "मग घोड्याले कामं भेटली का?"

*

हाच माणूस त्या पिक्चरमध्ये जळत्या गवतातून घोडा काढायचा! एकदा ह्यांनी त्यांना स्कूटीवर इतवारी दाखवायला आणलं. हातगाड्या, टेम्पो, मधूनच सांड. घरी उतरले तेव्हा रॉबिनभाऊंचे डोळे बंद, आणि ह्यांच्या शर्टाची दोन बटणं तुटलेली.

पाणी पिऊन म्हणाले, "घोड्याला स्वतःच्या जिवाची काळजी असते, म्हणून मीही वाचतो. या स्कूटरला कसलीच काळजी नाही!"

*

आता शेवटचा. सीन असा होता, की रॉबिनभाऊ गावातल्या एका मुलीला पुढे बसवून मैदानातून घोडी दौडवत आणतात. त्या कामासाठी आणलेली मुलगी चांदणीजवळ जाताच रडायला लागली. परी उड्या मारत म्हणाली, "मी बसतो!"

मी नाही म्हटलं. दोन वर्षांपूर्वी हे वरातीत पडले, हातात अजून सळई आहे. घोड्याच्या घरात नांदते, पण मी स्वतः कधी बसले नाही.

परी जेवेना. डायरेक्टर सर घड्याळ पाहत होते. रॉबिनभाऊ म्हणाले, "आई हो म्हणेल तरच. नाहीतर सीन काढून टाका."

मी श्वेता मॅडमला म्हटलं, "रॉबिनभाऊले विचारा, त्यायच्या आईनं त्यायले घोड्यावर कसं सोडलं असन?"

रॉबिनभाऊंनी फोन काढला. सरळ आईला व्हिडिओ कॉल लावला. स्वयंपाकघरात बसलेली, पांढऱ्या केसांची, पिटुकली म्हातारी. श्वेता मॅडमनं सगळं सांगितलं. म्हातारी छाती पुढे काढून बोलली, ते मॅडमनं मराठीत सांगितलं, "काही घाबरू नकोस पोरी. याचं पडणं-उठणं सगळं पाहिलंय मी. फोन हातात धर, आपण दोघी मिळून पाहू."

एवढी पिकली बाई धीर देते म्हटल्यावर मी हो म्हटलं. परीला बसवलं. श्वेता मॅडम कॅमेऱ्याकडे पळाल्या. फोनचा मागचा कॅमेरा मैदानाकडे करून मी उभी राहिले.

"अ‍ॅक्शन!"

माझे डोळे गच्च मिटले. टापा जवळ आल्या, आणि त्यातच परीचा आवाज, "आई, इकडं पाय ना वं!"

माझी मान वर होईना. म्हटलं, म्हातारी पाहत असेल, तिच्या तोंडावरून समजेल. एक डोळा किलकिला करून फोनमध्ये पाहिलं. म्हातारीनं भांडी पुसायचं फडकं तोंडावर घट्ट दाबून धरलं होतं! आतून आवाज आला, "इज इट ओव्हर?"

मी म्हटलं, "मले काय माहीत आजी! मी तर तुमच्याकडंच पाहून राहिली ना!"