मोरीच्या पाण्यावरची जास्वंद
साबणाच्या पाण्यानं भिजलेल्या मातीचा वास आला की मला बहात्तरच्या दुष्काळातली कवठे महांकाळची आमची जास्वंद आठवते, आणि शेजारच्या साहेबाची बायको. आई आंघोळीचं पाणी चर काढून जास्वंदीला सोडायची. झाड लालभडक फुलायचं. या बाईच्या गुलाबांना मात्र सरकारी टँकरचं पाणी, आणि आम्ही घागरी घेऊन बघत उभे. वर कुंपणावरून नाक मुरडायची, "मोरीच्या पाण्यावरची फुलं, शी! देवाला चालत नाहीत." पुढे टँकर यायचा थांबला, गुलाबांच्या काटक्या झाल्या, तेव्हा संकष्टीला हीच बाई परडी घेऊन आमच्या दारात. "फुलं धुऊन वाहीन हो," म्हणाली. आई म्हणाली, "आवं, धुवायला पानी हाय व्हय तुमच्याकडं?" तरीही आईनं परडी भरून दिली. मी पाकळीसुद्धा दिली नसती. आजही देणार नाही.