पाइपाच्या बंदुका करणारा कोस्मास

कोस्मासला लोखंडाची भाषा कळायची, माणसांची बेताचीच. पांगुनाच्या तांब्याच्या खाणीत तो अठरा वर्षं फिटर होता. खाण बंद पडली, बंड झालं, आणि आमच्या बोगनव्हिल बेटावरचा जो तो कुठल्या ना कुठल्या बाजूचा झाला. कोस्मासला बाजू निवडायची वेळच आली नाही. बंडखोर दारात आले, त्याच्या कानशी, पाने, करवती उचलून निघाले, आणि हत्यारांच्या काळजीने हाही त्यांच्या मागोमाग डोंगरात गेला.

सरकारी फौजेच्या बोटींनी समुद्र अडवला तेव्हा मीठ, औषध, डिझेल सगळं एका दमात बंद झालं. आम्ही खोबरं किसलं, तेल काढलं आणि जीपमध्ये ओतलं. गाडी गेली की रस्त्यावर घटकाभर तळणीचा वास राहायचा, आणि रिकाम्या पोटी तो वास नकोसा व्हायचा. पण हिवतापाला खोबरेल चालत नाही. कोस्मासची बायको त्यातच गेली. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा भट्टीवर होता. घरी बसून करणार काय?

त्याच्या बंदुका पाण्याच्या पाइपाच्या. घोड्याला दाराची कडी, स्प्रिंग मोडक्या छत्रीची. काडतुसं आजोबांच्या काळातल्या लढाईची. जपानी आणि अमेरिकन आमच्या रानात टाकून गेले होते, ती उकरून काढायची आणि पुन्हा भरायची. गोळी मात्र तो स्वतः करायचा, खाणीच्या जाड तांब्याच्या तारेतून कापून. पाइप सगळे सारखे नसत, म्हणून ज्या त्या नळीच्या मापाने गोळी घासावी लागे. एका बंदुकीची गोळी दुसरीत बसत नसे. लोक वैतागायचे. "मामा, निदान दोन तरी सारख्या करा की!" तो म्हणायचा, "मग सारखे पाइप आणा."

त्याची थोरली बहीण लिडविना गाव जळल्यावर किनाऱ्यावरच्या सरकारी छावणीत गेली होती. तिचा एकुलता एक मुलगा सिल्व्हेस्टर सरकारच्या बाजूने उभा राहिला. आमच्याकडे कूळ आणि जमीन आईकडून चालते. कोस्मासची स्वतःची मुलं बायकोच्या कुळातली. त्याचा वारस म्हणजे हा भाचाच. त्याला चालायला मामाने शिकवलं होतं, आणि आता मामा-भाचे नदीच्या दोन काठांवर होते.

कोस्मास लढाईवर एकदाच गेला. नव्या बंदुकीची नळी जरा जास्तच रुंद झाली होती, दुसरं कुणी ती घेईना, म्हणून स्वतःच घेऊन तो नदीच्या उतारावर दबा धरून बसलेल्यांत जाऊन बसला. सकाळचं धुकं होतं. पलीकडचं लव्हाळं हललं. सहा जणांनी बार काढले, त्यात हाही. दुसऱ्या दिवशी कळलं, सिल्व्हेस्टर गेला आणि पुराने त्याला नेलं. सहा बंदुका होत्या, असं कोस्मास मनाशी म्हणत राहिला. सहा वर्षं तेवढ्या एका आकड्यावर त्याने काढली.

मग तह झाला. बंदुका पेटीत कुलूपबंद झाल्या, आणि नदीकाठच्या मुळांत सिल्व्हेस्टरची हाडं सापडली. लिडविनाने ती एकेक करून स्वतः धुतली.

मग ती भावाच्या अंगणात आली. सुपारी फोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली आणि केळीच्या पानातून एक तांब्याची गोळी काढली.

"पाठीच्या मणक्यात होती," ती म्हणाली. "तुला यातलं कळतं. फौजेची चुकून लागली असेल तर तसं सांग, विषय मिटला. आपल्यातल्या कुणाची असेल तर नाव सांग. शनिवारी हाडं पुरायची आहेत. त्याआधी समोर बसून 'आम्ही मारलं' म्हणायला मारणाऱ्या कुळाचा माणूस हवा ना रे."

गोळी जाडजूड होती. ती उलटून पाहायचीही गरज नव्हती. फौजेची, एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती ओळखणारा दुसरा माणूस अख्ख्या बेटावर नव्हता. त्याने हातावरची अर्धी सुपारी तिच्यापुढे धरली.

"ताई, ही परत घे."

"का? किडकी निघाली?"

"घे परत."

ज्याच्याशी रक्ताचं वैर आहे, त्याच्याबरोबर समेट होईपर्यंत आमच्यात सुपारी खात नाहीत. लिडविना त्या अर्ध्या फोडीकडे बघत राहिली.

"तू?"

"माझ्याच नळीची आहे. दुसरीत बसतच नाही ही."

"अरे, जन्मात दगडाने एक नारळ पाडता आला नाही तुला!" ती ओरडली. "एक नारळ! आणि धुक्यात नेम धरलास?"

"नव्हता धरला."

ती उठून गेली. सुपारी अंगणात पडून राहिली.

जाणत्यांची पंचाईत झाली. समेटाचं डुक्कर द्यायचं ते मारणाऱ्याच्या कुळाने, घ्यायचं मेलेल्याच्या कुळाने. इथे कूळ एकच. एक म्हातारा म्हणाला, "फौजेची होती म्हणू आणि मोकळे होऊ." लिडविना म्हणाली, "म्हणा. मग हाडं तुमच्या घरात ठेवा, खोट्यावर मी पुरायची नाही."

शनिवारी समोरासमोर दोन चटया अंथरल्या. एकीवर हाडं ठेवली, दुसरीवर कोस्मास एकटा बसला. पण मारणाऱ्याला एकट्याने बोलता येत नाही, शेजारी त्याच्या कुळातली सगळ्यांत थोरली बाई लागते. तिने हात धरल्याशिवाय त्याचा शब्द धरत नाहीत. त्यांच्या कुळात आता थोरली लिडविनाच होती.

बराच वेळ ती हाडांपाशी बसून होती. मग उठली, मधली मोकळी जागा ओलांडून आली आणि भावाशेजारी बसली. त्याचा हात तिने मनगटापाशी घट्ट धरला.

"माफ केलेलं नाही," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बोल आता."

कोस्मासने समोर पाहिलं. समोरच्या चटईवर ऐकून घ्यायला हाडांखेरीज कुणी उरलं नव्हतं.

"आम्ही मारलं," तो म्हणाला, आणि त्याच्या बरोबरीने लिडविनाही म्हणाली.