येडाईचं नाव

काल भिंतींना चुना देताना त्याचा ओला वास आला आणि येरमाळ्याचं चुनखडीचं रान आठवलं. येडाई देवीच्या चैत्रातल्या यात्रेत तिथं लोक देवळाला चुना द्यायला चुनखडीचे खडे वेचतात. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. येडाईच्या नवसानं झाले म्हणून माझं नाव येडाबाई, आणि शाळेत सगळे मला येडी म्हणायचे. खडे वेचता वेचता मी मायला म्हणाले, "मला हे नाव नको. शाळेत बदलून विद्या करते."

माय उन्हात वाकलेलीच होती. म्हणाली, "येडाई सीतेचं रूप घिऊन रामाला फसवाया गेली. रामानं वळखलं. म्हनला, येडी हाईस का आई? तिनं त्येच नाव ठिवून घेतलं."

"ती देवी हाय. मला रोज वर्गात बसायचंय."

मायनं ओंजळीतले खडे पदरात टाकले. "बदल मग," एवढंच म्हणाली. जूनमध्ये तिनं अर्जावर अंगठा उठवला.

आपण जिंकलो, असं तेव्हा मला वाटलं. मायनं मला पुन्हा कधी येडाबाई म्हटलं नाही. विद्याही म्हटलं नाही. शेवटपर्यंत ती मला नुसतं 'अगं' म्हणत राहिली.