एल्वुडकाका आणि तीन काडतुसं

आमच्या गावात चर्चवरून भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही. काडतुसांवरून झालेलं रोज पाहतो. मी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो आणि समोरच्या बाकावर एल्वुड होस्टेटर बसलेले असतात. वय एकाहत्तर, पेन्सिल्व्हेनियाच्या या डोंगराळ पट्ट्यात चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला. आम्हा सगळ्यांचे काका.

"पॉइंट बावीस मापाचं काडतूस स्वस्त," ते गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचे, "पण ऐंशी पावलांपुढे गोळी दमते, माझ्यासारखी. पॉइंट सतराची गोळी सुसाट जाते, पण इतकी हलकी की शेजारी कुणी शिंकलं तरी वाट सोडते. हॉर्नेट मात्र..." आणि मग आपल्या वडिलांच्या हॉर्नेट रायफलचं कौतुक गिऱ्हाईक पळून जाईपर्यंत चालायचं.

या वसंतात त्यांनी अचानक हॉर्नेटला नावं ठेवायला सुरुवात केली. "म्हातारं झालं ते काडतूस," म्हणाले. मला तिथंच शंका यायला हवी होती.

आर्लीन ब्रुबेकरबाईंच्या कुरणात ग्राउंडहॉग नावाचे घुशीसारखे प्राणी बिळं करतात, मांजराहून जाडे. त्या बिळांत गाईंचे पाय जातात. म्हणून पहिलं गवत कापलं की त्यांना टिपायला नेमबाजांना बोलावणं येतं. पण बाईंचा एक नियम आहे. जूनच्या पहिल्या शनिवारी प्रत्येकानं शंभर पावलांवरून पत्त्याच्या पानात पाचही गोळ्या मारून दाखवायच्या. एक जरी बाहेर गेली, तर त्या उन्हाळ्यात कुरणात पाय ठेवायचा नाही. एकदा कुणाच्या तरी अर्धवट नेमानं जखमी झालेला ग्राउंडहॉग त्यांच्या ओसरीखाली तीन दिवस कण्हत मेला, तेव्हापासूनचा हा नियम. काका छत्तीस उन्हाळे त्या कुरणात बसले होते. काकू गेल्यावर तर वर्षातला तेवढाच मुक्काम त्यांना घरासारखा वाटायचा.

मे महिनाभर आम्ही नेमबाजी क्लबच्या मैदानावर तिन्ही काडतुसं ताडून पाहिली. आमच्याकडची पद्धत अशी की मारणाऱ्यानं दुर्बिणीवरून डोळा हलवायचा नाही, जोडीदारानं एकेक काडतूस नळीत सरकवायचं. मी भरायचो, काका मारायचे आणि मग दोष वाटायचे.

"वारा होता."

"झाडाचं पान हललं नाही, काका."

"तुला काय कळतं? वरून वाहत होता."

घरी जाऊन मी नेमाचे कागद शेजारी शेजारी ठेवले. काडतुसं तीन, रायफली तीन. पण भोकं सगळीकडे खालच्या अंगाला सांडलेली. तीन वेगळ्या गोळ्यांची खोड एकच कशी असेल?

दुसऱ्या दिवशी मी आगाऊपणा केला. चौथ्या गोळीच्या वेळी भरलेल्या काडतुसाऐवजी आधी उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी सरकवली. काकांनी चाप ओढला. नुसतं टक् झालं. आणि त्या शांततेत नळीचं तोंड झटक्यानं किंचित खाली गेलेलं आम्ही दोघांनी पाहिलं.

काकांनी गाल रायफलीवरून न उचलताच विचारलं,

"कुणी शिकवलं रे हे तुला?"

"तुम्हीच. मी बारा वर्षांचा असताना."

"मूर्खच होतो मी," ते म्हणाले. मग गालावरचा बारीक डाग दाखवला. गेल्या ऑक्टोबरात हॉर्नेटची पुंगळी फाटून जळत्या दारूचा झोत तोंडावर आला होता. हॉर्नेटच्या पुंगळीचं पितळ पातळ, पाचसहा वेळा बंदुकीची दारू भरून वापरलं की फेकायचं असतं. काकांनी तेराव्यांदा भरलं होतं. हे शहाणपण ते बाकावरून सगळ्यांना फुकट वाटत आले होते, म्हणून कुणाला सांगायची लाज वाटली. "आता चाप ओढताना डोळे आपोआप मिटतात, हात दचकतो. आर्लीनला सांगू नकोस."

मी सांगणार नव्हतोच. शनिवारी त्यांनीच सांगितलं, सहा जणांसमोर, टोपी हातात घेऊन.

"आर्लीन, शंभर पावलं मला झेपत नाहीत. आणि अंदाजानं मारून तुझ्या ओसरीखाली काही पाठवायचं नाही मला."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "कोठाराजवळची बिळं साठ पावलांवर आहेत. तिथं पान लाव. पण पाचच्या पाच."

काकांनी बावीसची रायफल घेतली, सगळ्यांत कमी आवाजाची. बसता बसता मला म्हणाले, "मध्येच एखादी रिकामी घाल. कधी ते सांगू नकोस, म्हणजे हाताला दचकायचं कारण उरणार नाही."

दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी मी रिकामी पुंगळी घातली. टक्. नळी जागची हलली नाही. कुणीतरी श्वास सोडला, बहुतेक मीच. उरलेल्या तीन शांतपणे झाल्या.

बाईंनी पान उजेडात धरलं, पाचही भोकांवरून अंगठा फिरवला आणि ते एप्रनच्या खिशात टाकलं. "कोठाराची बाजू तुझी. जेवायला घरात ये, मागच्या वर्षीसारखं गाडीत सँडविच खाऊ नकोस."

सोमवारी काका पुन्हा बाकावर. एका गिऱ्हाइकाला सतराची निंदा ऐकवून झाल्यावर काउंटरवर वाकले आणि हळूच म्हणाले,

"हॉर्नेटच्या नव्या पुंगळ्या आल्यात का रे? जुन्या सगळ्या फेकल्या मी."