ताराबाईची बसून अंघोळ

रंभा तोंडाची फटकळ, पण हाताची मऊ. खर्डीजवळच्या वृद्धाश्रमात ती कामाला लागली तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. धसईला तिच्या माहेरी सगळ्यांनी नाकं मुरडली. परक्यांचं हगणं-मुतणं काढायचं म्हणजे काय! रंभा म्हणाली, "सासऱ्याचं काढलं तवा कोन आलावता मदतीला?" विषय तिथंच मिटला.

नर्स अनिताताईंनी तिला काम शिकवलं. खाटेवरच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, खाली रबराचं कापड कसं सरकवायचं, पुसून पाठ कोरडी कशी करायची. रंभाचा हात लवकर बसला. बाकीची म्हातारी माणसं मुकाट पडून राहत, त्यामुळे कामही झपझप उरकायचं.

मग ताराबाई आली. सिद्धगडच्या पायथ्याची, जन्मभर भात लावलेली, आता कमरेखाली लुळी. निजून निजून पाठीला जखम झालेली. ती रोज धुतली नाही तर चिघळेल, असं अनिताताईंनी बजावलं होतं. रंभानं खाटेवर रबर घातलं, म्हातारीला आडवी ठेवूनच अंगावर तांब्या ओतला आणि ताराबाईनं अशी किंकाळी फोडली की स्वयंपाकघरातली गंगी निवडायला घेतलेले वाल टाकून धावत आली.

"निजवून पानी घालतेस? मी काय मेली का गो?"

रंभा चरकली. तिच्याही गावात आडव्या माणसावर पाणी घालतात ते फक्त मढ्याच्या अंगावर. पण चूक कबूल करेल तर ती रंभा कसली! "सगल्यांना अशीच घालतो आमी," ती खेकसली.

त्यानंतर ताराबाईनं लुगडं मुठीत आवळलं ते सोडलंच नाही. ओलं फडकंही ती अंगाला लावू देईना. खाटेजवळ वास येऊ लागला, जखमेत पू धरला. रंभाला आधी राग आला, मग जेवण गोड लागेना. शेवटी ती अनिताताईंकडे गेली.

"बाई, तिला बसवून पानी घालते."

"तिला बसता येतं का? सोडलीस की पडेल."

"सोडतंय कोन?"

अनिताताईंनी जरा विचार केला. "बरं. पण जखम चोळू नकोस."

रंभा आणि गंगीनं म्हातारीला उचलून मोरीतल्या चौरंगावर बसवलं. रंभा समोर गुडघ्यावर बसली, ताराबाईचे हात आपल्या गळ्यात घातले आणि तिला छातीशी घट्ट धरलं. मागून गंगीनं पाणी घातलं, हलक्या हातानं पाठ धुतली. निम्मं पाणी रंभाच्याच अंगावर आलं.

"तुजं पातळ भिजलं गो," ताराबाई तिच्या कानाशी म्हणाली.

"भिजू दे. तू घट धर."

ताराबाईनं धरलं. हातात भातलावणीचा जोर अजून होता. तेव्हापासून रोज सकाळी हेच चाललं. रंभा कामावर दुसरं पातळ घेऊन येऊ लागली. जखम हळूहळू भरली, आणि दोघींची भांडणंही रंगू लागली. तिसऱ्या वर्षी थंडीत ताराबाई झोपेतच गेली.

तिचा मुलगा कमळाकर मुरबाडहून निघाला होता. तो यायच्या आत अंघोळ घालायची होती. गंगीनं पाणी आणलं. रंभा गुडघ्यावर बसली, तिनं ताराबाईला उठवून छातीशी घेतलं आणि तिचे हात आपल्या गळ्यात घातले.

"रंभे," गंगी हळूच म्हणाली, "आता निजव तिला."

"तू घाल पानी."

गळ्यातले हात घसरले. रंभानं ते पुन्हा घातले, पुन्हा घसरले. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं आणि तिनं ताराबाईला निजवलं.